कार्टर डॉक्टर, बबल्स गर्दुल्ला

२०२५ मध्ये ‘द पिट’ बघताना एका प्रसंगाला मी मालिका थांबवली. इमर्जन्सी विभागाचे डॉ. रॉबी आपल्या लाडक्या निवासी डॉक्टरला, लँग्डनला, लॉकर उघडायला लावतात. आत पेशंटच्या नावावरच्या गोळ्या. रॉबी त्याला तिथल्या तिथे घरी हाकलतात. रॉबीच्या भूमिकेत आहे नोआ वायली. २००० सालच्या मे महिन्यात ‘ईआर’मध्ये अशाच कारणावरून सहकाऱ्यांनी खोलीत बसवून जाब विचारलेला डॉ. जॉन कार्टर, तोही हाच.

कार्टरला मनोरुग्ण पेशंटने पाठीत भोसकलं होतं. त्याच हल्ल्यात त्याची विद्यार्थिनी लूसी गेली. वेदनाशामक गोळ्यांपासून सुरू झालेलं हे प्रकरण पेशंटचं उरलेलं फेंटानिल स्वतःच्या मनगटात टोचून घेण्यापर्यंत गेलं. जाब विचारल्यावर कार्टर तावातावाने बाहेर पडतो, मागे आलेल्या जुन्या गुरूला, डॉ. बेंटनला, ठोसा मारतो आणि त्याच्याच अंगावर कोसळून रडतो. एरवी कौतुकाचा एक शब्द न काढणारा हा बेंटन व्यसनमुक्ती केंद्राकडे निघालेल्या विमानात त्याच्या शेजारी जाऊन बसतो. काही बोलत नाही.

प्रसंग अव्वल. पण त्यातली मेख मला फार उशिरा कळली. प्रेक्षकाची माया कार्टरने आधीच कमावली होती: घरंदाज, हुशार, पाठीवर जखम. आधी वेदना, मग व्यसन, आणि हात कुशल. ‘हाउस’ने २००४ ते २०१२ अशी आठ वर्षं याच सूत्रावर काढली. पाय दुखतो म्हणून व्हायकोडिन, आणि निदान अचूक म्हणून सगळं माफ. गोळी तोंडात टाकायची डॉ. हाउसची लकब तर पुढे पुढे विनोदाचाच भाग झाली. ‘नर्स जॅकी’ मात्र याहून प्रामाणिक. पहिल्याच भागात जॅकी हॉस्पिटलात बिनअंगठीची वावरते, गोळ्या पुरवणाऱ्या फार्मासिस्टशी तिचं प्रकरण असतं, आणि घरी नवऱ्यासमोर, दोन मुलींसमोर जाताना अंगठी पुन्हा बोटात येते. व्यसनात खोटं बोलायला किती मेहनत लागते, ते त्या अंगठीत दिसतं.

या सूत्राला अपवाद एकच, ‘द वायर’मधला बबल्स. बाल्टिमोरच्या रस्त्यावर राहणारा, ढकलगाडीवर सटरफटर विकणारा, पोलिसांचा खबऱ्या. टोप्या विकायच्या निमित्ताने ड्रग विकणाऱ्या पोरांच्या डोक्यावर लाल टोपी ठेवायची, म्हणजे दुरून फोटो काढणाऱ्या पोलिसांना खूण पटते. त्याला जखम नाही, पदवी नाही. आपल्याकडे अशा माणसाला एकच शब्द, गर्दुल्ला, आणि तो म्हटला की पुढचं ऐकायची गरज उरत नाही. ‘द वायर’ लिहिणाऱ्या डेव्हिड सायमन आणि एड बर्न्स यांनी मात्र ऐकलं. एक त्याच शहरातला वार्ताहर, दुसरा तिथलाच माजी पोलीस. बबल्सने आपल्याला मारून लुबाडणाऱ्या गुंडासाठी तयार केलेली विषारी पुडी त्याने पोटच्या पोरासारखा सांभाळलेला शेरॉड घेतो आणि मरतो. यानंतर बबल्सला कुणी विमानात बसवत नाही. बहीण तळघरात राहू देते, पण वर घरात येणारं दार बंद. २००८च्या शेवटच्या भागात तो जिना चढून वर येतो आणि तिच्यासोबत जेवायला बसतो. बस, एवढंच. पाच सीझन बघितलेल्याला ते जेवण पुरतं.

२०१९पासूनच्या ‘युफोरिया’त झेंडेया अप्रतिम आहे. पण त्या चमचमत्या प्रकाशात नशा कधी कधी फारच देखणी होते.

लँग्डनकडे परत येतो. त्याचीही सुरुवात पाठदुखीपासूनच, म्हणजे सूत्र जुनंच. पण या वेळी बेंटन नाही. गोळीबारातल्या जखमींची रांग लागते तेव्हा हाकललेला लँग्डन आपणहून परत येतो. रॉबी त्याला कामाला लावतात, कारण हात कमी पडताहेत. पाळी संपत आल्यावर अट तीच: केंद्रात दाखल हो. तेव्हा लँग्डन रॉबींना ऐकवतो की आजच्या दिवसात कोसळलेले तुम्हीही होतात. वायलीच्या चेहऱ्यावर मला क्षणभर कार्टर दिसला.