नजरेच्या भरवशावरचे उड्डाण

जमीन, क्षितिज आणि आजूबाजूची विमाने डोळ्यांनी पाहत, ढगांपासून अंतर राखून केलेल्या उड्डाणाला दृश्य उड्डाण म्हणतात. वैमानिकांच्या बोलण्यात ते ‘व्हीएफआर’. खासगी वैमानिकाचे शिक्षण याच पद्धतीने सुरू होते आणि पुष्कळांचे सारे उडणे याच पद्धतीत होते. हवाई वाहतूक नियंत्रक आणि खासगी वैमानिक यांचे नाते कसे असते, हे अमेरिकेतील व्यवस्थेवरून चांगले समजते. तिथे लहान विमान घेऊन हवे तेव्हा निघण्याची मोकळीक मोठी आहे आणि त्या मोकळिकीची किंमतही नियमांत स्पष्ट लिहिलेली आहे.

ढगांतून, केवळ उपकरणांच्या आधारे चालणारे विमान इतर विमानांपासून ठरावीक अंतरावर ठेवणे हे नियंत्रकाचे काम असते. दृश्य उड्डाणात हे ओझे मुख्यतः वैमानिकाच्या डोळ्यांवर असते. दुसरे विमान पाहायचे आणि टाळायचे, हा मूळ नियम. म्हणूनच १०,००० फुटांखालच्या बहुतेक नियंत्रित क्षेत्रात किमान ३ मैल दृश्यमानता लागते आणि ढगांच्या ५०० फूट खाली, १,००० फूट वर किंवा २,००० फूट बाजूला राहावे लागते. ढगातून अचानक बाहेर पडणारे जेट विमान दिसून वळायला वेळ मिळावा, एवढाच या आकड्यांचा अर्थ.

नियंत्रकाशी बोलायचे की नाही, हे हवाई क्षेत्रावर ठरते. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत. टॉवर असलेले पाचशेच्या आसपास. बाकीच्या ठिकाणी वैमानिक एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपली जागा आणि इरादा स्वतःच जाहीर करतात. तिथे परवानगी देणारे कोणी नसते. टॉवर असलेल्या विमानतळाच्या क्षेत्रात शिरण्याआधी दुतर्फा संपर्क हवा. नियंत्रकाने विमानाची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचे ओळखनाव, उच्चारून ‘स्टँडबाय’ म्हटले, तरी संपर्क झाला असे धरतात. कॉल साइन न घेता नुसतेच थांबायला सांगितले, तर सीमेबाहेरच राहायचे. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या शहरांभोवतीच्या ‘ब्राव्हो’ क्षेत्रात मात्र संपर्क पुरत नाही; आत येण्याची परवानगी स्पष्ट शब्दांत कानावर पडावी लागते. या काटेकोरपणामागे माणसांचे जीव आहेत. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसच्या अशाच क्षेत्रात परवानगीशिवाय शिरलेले एक लहान पायपर विमान एरोमेक्सिकोच्या डीसी-९ला धडकले. सेरिटोस गावावर अवशेष कोसळले आणि एकूण ८२ जण मृत्युमुखी पडले. त्या पायपरमध्ये नियंत्रकाच्या रडारला उंची कळवणारा ट्रान्सपाँडर नव्हता.

या दोन टोकांच्या मधे एक ऐच्छिक सेवा आहे, ‘फ्लाइट फॉलोइंग’. वैमानिक रडार नियंत्रकाला आपली जागा, उंची आणि गंतव्य सांगतो. एरवी दृश्य उड्डाणाच्या ट्रान्सपाँडरवर १२०० हा सामाईक संकेतांक असतो. त्याऐवजी आता स्वतंत्र चार आकडे मिळतात. पडद्यावर ओळख पटली की नियंत्रक ‘रडार कॉन्टॅक्ट’ म्हणतो आणि जवळ येणाऱ्या विमानांची दिशा, अंतर, उंची सांगत राहतो. वैमानिकाने ते विमान दिसले की नाही, हे खरेपणाने सांगायचे. न दिसता म्हटलेले ‘दिसले’ हा या व्यवहारातला सर्वांत घातक शब्द, कारण दिसल्याचे कळताच टाळण्याची जबाबदारी पूर्णपणे वैमानिकाकडे येते. सेवा नियंत्रकाच्या सवडीनुसार असते. काम वाढले तर तो ती नाकारू शकतो किंवा वाटेत थांबवू शकतो. फ्लाइट फॉलोइंग मिळाले म्हणजे ब्राव्हो क्षेत्राची परवानगी मिळाली, असेही नव्हे. नवखे वैमानिक इथेच हमखास फसतात.

मदतीची मर्यादा ८ ऑगस्ट २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर दिसली. टीटरबरो विमानतळावरून निघालेले पायपर विमान आणि पर्यटकांना घेऊन उडालेले हेलिकॉप्टर सुमारे १,१०० फुटांवर एकमेकांना धडकले. नऊ जण गेले. दोघेही दृश्य उड्डाणात होते. टीटरबरोचा नियंत्रक त्या वेळी कामाशी संबंध नसलेल्या फोनवर बोलत होता. त्याने पायपरला १२७.८५ ही नेवार्क विमानतळाची फ्रिक्वेन्सी दिली. वैमानिकाने उलट १२७.८७ म्हटले आणि चूक कोणी दुरुस्त केली नाही. नेवार्कच्या नियंत्रकाला पडद्यावर धोका दिसला होता, पण पायपरपर्यंत आवाज पोहोचलाच नाही. हेलिकॉप्टर नदीवरच्या वैमानिकांच्या सामाईक फ्रिक्वेन्सीवर होते, पायपर नव्हते. एका पूर्णांकाइतकाही फरक नसलेल्या दोन आकड्यांमुळे विमान सर्वांच्या ऐकण्यापलीकडे गेले. ऐकलेली सूचना शब्दशः परत म्हणून दाखवण्याची आणि ती लक्ष देऊन ऐकण्याची सवय किती मोलाची, हे याहून स्पष्ट करणारा प्रसंग सापडणे कठीण. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून नदीवरील मार्गाला नवे नियम लागू झाले. सामाईक फ्रिक्वेन्सीवर बोलणे सक्तीचे झाले आणि ये-जा करणाऱ्या विमानांना नदीचे वेगवेगळे काठ नेमून दिले गेले.

नियंत्रकाची सूचना बंधनकारक असली तरी विमानाचा अंतिम अधिकार वैमानिकाकडेच राहतो. सांगितलेल्या दिशेला ढग असेल, तर दृश्य उड्डाणातल्या वैमानिकाने ‘अनेबल’ म्हणावे, म्हणजे हे जमणार नाही. आणि कारण सांगून दुसरी दिशा मागावी. तो ढग नियंत्रकाला दिसतच असेल असे नाही. आणीबाणीत तर नियम मोडून विमान वाचवण्याचा हक्कच वैमानिकाला आहे. तरीही अडचण सांगायला अनेक जण कचरतात, पकडले जाऊ या भीतीने. ही भीती महागात पडते. शिकाऊ वैमानिकांनी पहिल्याच हाकेत आपण शिकाऊ असल्याचे सांगावे, अशी अमेरिकी विमान प्रशासनाची सूचना आहे. नियंत्रक मग सावकाश बोलतो आणि जास्त सांभाळून घेतो. अनवधानाने झालेल्या चुकांसाठी नासा १९७६ पासून गोपनीय अहवाल योजना चालवते. दहा दिवसांत अहवाल दिल्यास, काही अटींवर, दंड किंवा परवाना निलंबन टळते.

भारतात मोकळीक बरीच कमी. खासगी विमानालाही उड्डाणाचा आराखडा द्यावा लागतो. हवाई संरक्षण यंत्रणेचा मंजुरी क्रमांक आणि उड्डाण माहिती केंद्राचा क्रमांक मिळाल्याशिवाय साधारणपणे निघता येत नाही. रात्री दृश्य उड्डाणाला सर्वसाधारण परवानगी नसते. मुंबईत जुहूचा विमानतळ सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाला जवळजवळ खेटून असल्याने तिथल्या प्रत्येक उड्डाणाला टॉवरशी जुळवून घ्यावे लागते. दोन्हींतली गफलत अनुभवी वैमानिकांचीही झाली आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि धावपट्टी संपल्यावरही पुढे गेले. जीवितहानी झाली नाही, पण विमान पुन्हा उडण्याजोगे राहिले नाही.