औषध चालू असताना बदलणारा जंतू

शस्त्रक्रियेनंतर जखमेत झालेल्या जंतुसंसर्गावर प्रतिजैविक चालू असतानाच, त्याच रुग्णाच्या शरीरात जंतू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

१९९६ साली जपानमध्ये चार महिन्यांच्या एका बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. दोन आठवड्यांनी ताप चढला, छातीच्या जखमेतून पू येऊ लागला. पुवात एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, सापडला. अशा जंतूवर तेव्हा मुख्य भिस्त व्हॅन्कोमायसिनवर होती. ते २९ दिवस दिले, तरी ताप हटेना, पू थांबेना. या जंतूची वाढ रोखायला दर मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅम औषध लागत होते. एरवी एक-दोन पुरतात. पुढे औषधे बदलली, गळू उघडून साफ केले आणि बाळ बरे झाले. ‘एमयू-५०’ नावाच्या या जंतूची पेशीभित्तिका जाड झालेली होती. व्हॅन्कोमायसिन तिच्या बाहेरच्या थरांतच अडकून पडे. नवी भित्तिका जिथे बांधली जाते तिथवर ते पुरेसे पोहोचत नसे.

असा बदल एकाच रुग्णात पायरीपायरीने होतो, हे २००७ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले. हृदयाच्या झडपेला संसर्ग झालेल्या एका रुग्णाच्या रक्तातून उपचारादरम्यान वेळोवेळी मिळालेल्या जंतूंचे जनुकसंच त्यांनी ताडून पाहिले. पहिला जंतू व्हॅन्कोमायसिनला बळी पडणारा होता. सुमारे तीन महिन्यांत त्याच वंशात ३५ उत्परिवर्तने साठली आणि औषधाची आवश्यक मात्रा १ वरून ८ मायक्रोग्रॅमवर गेली. अधिक चिंतेची गोष्ट म्हणजे, कधीच न दिलेल्या डॅप्टोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचा परिणामही घटला होता.

उत्परिवर्तने औषधामुळे घडतात असे नाही. जंतूंची संख्या वाढताना ती आपोआप होत राहतात. गळवात कोट्यवधी जंतू असतात, त्यामुळे एखादा प्रतिरोधी जंतू उपचाराआधीच तिथे असण्याचा संभव मोठा. औषधाने बाकीचे मरतात आणि त्याला मोकळे रान मिळते. पुवात औषध नीट झिरपत नाही. धातूच्या तारा, स्क्रू, कृत्रिम सांधे यांवर जंतूंचा चिकट थर बसतो. अशा ठिकाणी औषधाची मात्रा अपुरी पडते आणि अर्धवट प्रतिरोधी जंतू तगतात. रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाच्या बाबतीत तर प्रतिरोधाला एकच उत्परिवर्तन पुरते, म्हणूनच स्टॅफिलोकोकसच्या संसर्गावर ते एकटे देत नाहीत.

म्हणून केवळ औषधाचे दिवस वाढवत राहणे हा उपचार अपुरा आहे. पू काढणे, मृत ऊती आणि शक्य असल्यास दूषित रोपण काढून टाकणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे. सुरुवातीचा कल्चर अहवाल शेवटपर्यंत खरा धरता येत नाही. योग्य औषध चालू असूनही ताप किंवा पू कायम असेल, तर नमुना पुन्हा तपासायला पाठवावा आणि रुग्णाच्या नातेवाइकांनीही त्याबद्दल डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.