डेन्मार्क: समुद्रातल्या पवनचक्क्यांचं माहेर

समुद्रात उभारलेला जगातला पहिला पवनऊर्जा प्रकल्प डेन्मार्कचा. १९९१ साली लोलान बेटाजवळ विंडेबी इथे उथळ पाण्यात ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीची क्षमता ४५० किलोवॉट. काँक्रीटचे अवजड पाये थेट तळावर टेकवले होते. खाऱ्या हवेने आतली यंत्रं गंजू नयेत म्हणून मनोरे हवाबंद केले. पाव शतक वीज देऊन २०१७ मध्ये हा प्रकल्प निवृत्त झाला.

त्याहून विलक्षण कोपनहेगनलगतचा मिडेलग्रुंडेन. २ मेगावॉटच्या २० चक्क्या, आणि त्यातल्या निम्म्यांची मालकी हजारो सामान्य नागरिकांच्या सहकारी संस्थेकडे! डेन्मार्कच्या यशाचं खरं बळ या भागीदारीत आहे. पुढे २००२ मध्ये हॉर्न्स रेव्ह प्रकल्पाच्या ८० चक्क्या खवळत्या उत्तर समुद्रात फिरू लागल्या.