वूफरच्या जोडणीचे गणित

अंबडहून जालन्याला येणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसले, की गाणे कोणते लागले आहे हे कळण्याआधी मागच्या सीटखालच्या वूफरचा दणका छातीत जाणवतो. माझा थोरला भाऊ अशीच जीप चालवितो. त्याने आठवीत शाळा सोडली. मी आमच्या घरातला महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच, आणि माझी फी त्या जीपच्या उत्पन्नातूनच भरली जाते.

गेल्या दिवाळीत दादाने उसनवारी करून एक ॲम्प्लिफायर व दोन वूफर घेतले आणि स्वतःच जोडले. तिसऱ्या दिवशी जळका वास आला व आवाज बंद पडला. "मालच खोटा निघाला," दादा म्हणाला. मलाही तसेच वाटले. परंतु दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने वायरी पाहून सांगितले, की माल चांगला होता, जोडणी चुकली होती.

ही चूक कोणती ते पाहू. वूफरमध्ये तांब्याच्या तारेची कॉइल असते. ती विजेला जो अडथळा करते, तो ओहममध्ये मोजतात. अडथळा निम्मा झाला, की त्याच दाबाला वीज दुप्पट वाहते. समजा, दाब ८ व्होल्ट आहे. ४ ओहमच्या कॉइलमधून २ अँपिअर वीज जाईल, २ ओहममधून ४ आणि १ ओहममधून ८. ही सारी वीज ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरमधून जाते. ती पेलली नाही, की ते तापून जळतात. म्हणूनच ॲम्प्लिफायरवर 'कमीत कमी २ ओहम' असे छापलेले असते.

दादाच्या प्रत्येक वूफरला ४ ओहमच्या दोन कॉइल होत्या, म्हणजे एकूण चार. त्याने चारही अधिक टोके एकत्र बांधली व चारही उणे टोके एकत्र. ही झाली समांतर जोडणी. मोसंबीच्या बागेत एका नळीऐवजी चार नळ्या शेजारी-शेजारी लावल्या, तर पाण्याला वाट चौपट मिळते. तसेच येथे झाले. ४ भागिले ४, म्हणजे अडथळा उरला अवघा १ ओहम.

योग्य रीत अशी: प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल एकापुढे एक, म्हणजे एकसर जोडाव्यात. ४ अधिक ४ असे ८ ओहम होतात. मग ८ ओहमचे ते दोन वूफर समांतर जोडावेत, म्हणजे ४ ओहम मिळतात. आवाज थोडा कमी भरतो, पण यंत्र टिकते. मात्र एखाद्या कॉइलचे अधिक-उणे उलटे झाले, तर एक कॉइल पडद्याला पुढे ढकलते व दुसरी मागे ओढते, आणि दणका नाहीसा होतो.

एकसर व समांतर जोडणीची हीच उदाहरणे मी दहावीला सोडविली होती, गुणही मिळविले होते. दादा वायरी जोडीत असताना मी शेजारीच बसलो होतो. तरीही पुस्तकातले ते गणित आमच्या सीटखाली आहे, हे मला सुचले नाही. १८२७ साली हा नियम पुस्तकरूपाने मांडणारा जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम कुलपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा होता. त्याच्या घरी हात आणि पुस्तक एकाच छपराखाली होते. आमच्याही घरी आता ते आहेत. फक्त त्यांनी एकमेकांशी बोलायला हवे.

कारागिराने ट्रान्झिस्टर बदलून दिले. या खेपेला कागदावर आकृती मी काढली आणि वायरी दादाने जोडल्या.