‘येत नाही’ नव्हे, ‘अजून येत नाही’

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षमळ्यावर गेल्या पावसाळ्यात दुपारी थांबण्याचा योग आला. गाव तीन किलोमीटर लांब, मधे ओढा. पडवीत फळा टांगलेला, त्यावर अपूर्णांकांची गणिते. मळेवाल्यांची दहा वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ शाळेत जात नाहीत. आई बी.एस्सी. झालेली, तीच दोघांना घरी शिकवते. चहा घेता घेता वडील कौतुकाने म्हणाले, “लय हुशार आहे आमची पोरगी. एक गणित चुकत नाही.”

आजी पटकन बोलून गेल्या, “चुकंल कसं? अवघड गणित ती हातातच धरीत नाही. अन् चुकलंच, तर पान फाडून चुलीत घालती!”

सगळे हसले. पोरगी मात्र आत पळाली. परत येताना वाटेत विचार आला, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

शाळेत चाळीस पोरे असतात. फळ्यावर गुरुजींनी दिलेले गणित एकाचे चुकते, दुसऱ्याचे चुकते, चुकणे अंगवळणी पडते. घरी शिकणाऱ्या लेकराला हे दिसत नाही. त्याची बाई म्हणजे आईच आणि शाबासकी व रागावणे एकाच तोंडून येते. अशा पोराला चूक म्हणजे आईवडिलांच्या नजरेतून उतरणे, असे वाटू लागते.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी याच विषयावर पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. ते १९९८ साली प्रसिद्ध झाले. मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना सांगितले, ‘तू हुशार आहेस’. काहींना, ‘तू चांगली मेहनत घेतलीस’. पुढे हुशार म्हटलेल्यांपैकी बऱ्याच मुलांनी सोपे काम पसंत केले, तर मेहनतीचे कौतुक झालेल्यांपैकी बहुतेकांनी नवे काही शिकवणारे अवघड काम मागितले. मग मुद्दाम कठीण कोडी दिली, त्यात सगळ्यांचीच दांडी उडाली. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली, तर हुशार म्हटलेल्यांचे काम आधीपेक्षाही घसरले. आणखी एक गोष्ट, आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायला सांगितले, तेव्हा हुशार म्हटलेल्या दहांपैकी सुमारे चौघांनी ते वाढवून लिहिले. चुलीत गेलेले पान आणि हे वाढवलेले गुण, दोन्ही एकाच झाडाची फळे.

बुद्धी जन्मतः ठरलेली नसते, ती सरावाने आणि योग्य रीतीने वाढते, असे मानणाऱ्या वृत्तीला ड्वेकबाईंनी इंग्रजीत ‘ग्रोथ माइंडसेट’ असे नाव दिले. शेतकऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. वेलीला घड कमी लागले तर आपण वेलीला ‘ढ’ म्हणत नाही. छाटणी केव्हा झाली, पाणी किती दिले, काडी पक्व होती का, हे बघतो. घरातल्या पोराच्या बाबतीतच आपला निकाल इतक्या लवकर का लागतो, हे मला कळलेले नाही.

नुसते ‘मेहनत कर, मेहनत कर’ म्हणूनही भागत नाही. चुकीच्या रीतीने दहा वेळा केलेले गणित दहा वेळा चुकणार. म्हणून ‘कुठे अडलं? कसं केलंस ते मला सांग’ असे विचारावे. ‘मला येत नाही’ असे पोर म्हणाले तर त्यात ‘अजून’ हा शब्द घालून द्यावा. आणि मोठ्यांनी आपली चूक पोरांपुढे कबूल करावी, जे आपल्याकडे सर्वांत अवघड!

मळेवाल्यांनी ते केले. दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा बागेत जिबरेलिक ॲसिडची फवारणी चालली होती. १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम. वडिलांनी मुलीला विचारले, “१५ पीपीएमसाठी २०० लिटरला किती?” ती म्हणाली, “दोन ग्रॅम.” पूर्वी ते ‘असू दे’ म्हणून स्वतः सांगून मोकळे झाले असते. आता म्हणाले, “कसं काढलंस? मागं एकदा मीच मात्रा चुकवली होती, तेव्हा घड बिघडले होते.” पोरगी पाटीवर बसली. पाणी दुप्पट धरले होते, पीपीएम वाढलेले धरायचे राहिले होते. उत्तर आले तीन ग्रॅम.

तरी ही जादूची कांडी समजू नये. अमेरिकेतच नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर झालेला मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले खरे, पण थोडेच. आपल्याकडे तर घरी राहणारे प्रत्येक मूल आईबापांनी हौसेने घरी ठेवलेले नसते. ऊसतोडीला गेलेल्या बापाच्या कोपीवर धाकट्याला सांभाळत बसलेल्या मुलीला ‘अजून’ शब्द शिकवून काय होणार? तिला हंगामी वसतिगृह हवे, शिक्षण हमी कार्ड हवे, मास्तर हवेत.

ग्रामसेवक, सरपंच आणि शिक्षकांनी हा फरक ओळखायला हवा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाचे मूल मधेच शाळेत आले, तर त्याला वयानुरूप वर्गात दाखल करून घ्यायचे आणि मागे राहिलेले शिकवायचे, हे त्यात आहे. अशा पोराला ‘तुला काहीच येत नाही’ असे सगळ्यांपुढे म्हणू नये. घरी शिकणाऱ्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी व आठवीला समकक्ष अशा तीन स्तरांच्या परीक्षा आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते, हे तर गावोगाव ठाऊक आहेच.

निघताना आजींनी पोरीची वही दाखवली. एक गणित तीनदा खोडलेले, उत्तर चुकीचेच. “पान नाही फाडलं का गं?” मी विचारले.

“भागाकार अजून जमत नाही, काका,” ती म्हणाली आणि वही घेऊन आईकडे गेली.