लेकराचा खोकला थांबत नाही? बाटली आणण्याआधी श्वास मोजा

थंडी सुरू झाली की गावातल्या मेडिकलवर एक मागणी हमखास असते : "लहान पोराच्या खोकल्याची बाटली द्या." कोणतं पोरगं, वय किती, वजन किती, हे ना घेणारा सांगत ना देणारा विचारत. रात्रभर लेकरू खोकतं, घरात कोणाची झोप होत नाही, सकाळी वावरात जायचं असतं. तालुक्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे मजुरीचा दिवस मोडतो आणि गाडीभाडं वेगळं. त्यामुळे बाटली आणून दोन चमचे पाजणं सोपं वाटतं.

पण पाच वर्षांखालच्या लेकराला ही बाटली बहुतेक वेळा लागतच नाही, आणि कधी कधी ती जिवावर उठते. खोकल्यात घरी काय करायचं, काय टाळायचं आणि कोणत्या क्षणी घर सोडून दवाखाना गाठायचा, याची ही माहिती.

छिंदवाड्यात काय झालं होतं?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपूर जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून जास्त लेकरं दगावली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली होती. दुखणं साधं होतं, सर्दी, खोकला आणि ताप. 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप दिल्यावर काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली आणि किडन्या निकामी झाल्या. अनेकांना नागपूरला हलवलं होतं. तमिळनाडूच्या औषध विभागाने तपासणी केली तेव्हा त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं. चालण्यासारखी मर्यादा ०.१ टक्के आहे. हे रसायन कारखान्यात वापरायचं, माणसाच्या पोटात जायचं नव्हे.

त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सगळ्या राज्यांना कळवलं की २ वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत आणि ५ वर्षांखालच्या मुलांनाही ती साधारणपणे देऊ नयेत. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन या दोन औषधांचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना वापरू नये, असं बाटलीवर छापायला सांगितलं होतं. सर्दीच्या कितीतरी बाटल्यांमध्ये हेच मिश्रण असतं. घरात पडलेल्या बाटलीचं लेबल एकदा वाचून बघा.

विषाची भेसळ रोज होत नाही, हे खरं. पण चांगल्या कंपनीची बाटली असली तरी इतक्या लहान वयात तिचा फायदा फारसा नसतो. उलट लेकराला गुंगी येते, छातीचे ठोके वाढतात. काही औषधांनी श्वास मंदावतो.

खोकला येतो तो कशाला?

खोकला म्हणजे छातीची राखण आहे. घशात कफ, धूळ किंवा धूर गेला की शरीर तो बाहेर ढकलतं. लहान लेकरांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, आणि सर्दी गेली तरी खोकला दोन आठवडे रेंगाळू शकतो. सर्दी बहुतेक विषाणूंमुळे होते. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. ती आपोआप उतरते.

म्हणून लेकरू खेळतंय, दूध पितंय, थोडंफार खातंय, लघवी नीट होतेय आणि श्वास शांत आहे, तर नुसत्या खोकल्याच्या आवाजाला घाबरायचं कारण नाही. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असं नसतं. न्यूमोनिया झालेलं लेकरू कधी कधी फार खोकतही नाही, फक्त भराभर श्वास घेतं.

श्वास कसा मोजायचा?

यासाठी मशीन लागत नाही. हातातला मोबाईल पुरतो.

लेकरू शांत असताना किंवा झोपलेलं असताना मोजायचं. रडताना किंवा दूध पिताना मोजलं तर आकडा चुकतो. अंगावरचा सदरा वर करा, म्हणजे पोट आणि छाती दिसेल. मोबाईलवर १ मिनिटाचा टायमर लावा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान मुलांचा श्वास कमी-जास्त होत असतो. आकडा जास्त आला तर लगेच आणखी एकदा मोजून खात्री करा.

श्वास भराभर आहे असं कधी म्हणायचं?

- २ महिन्यांपेक्षा लहान बाळ : मिनिटाला ६० किंवा जास्त
- २ महिने ते १ वर्ष : मिनिटाला ५० किंवा जास्त
- १ ते ५ वर्षे : मिनिटाला ४० किंवा जास्त

आकडा यापेक्षा कमी असेल तर घरी सांभाळता येतं. इतका किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका धरायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं. वेळेत नेलं तर बहुतेक लेकरं साध्या अँटिबायोटिकने बरी होतात. डॉक्टर सांगतील तितके दिवस ते पूर्ण द्यायचं. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही.

घरी काय करायचं?

अंगावरचं दूध : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला खोकला असला तरी फक्त आईचंच दूध, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळा. नाक चोंदलं की बाळ एका दमात पीत नाही, म्हणून थोडं थोडं पाजायचं. "आईने थंड खाल्लं म्हणून दूध बाधलं" असं म्हणून दूध तोडू नये.

कोमट पातळ पदार्थ : सहा महिन्यांच्या पुढे कोमट पाणी, वरणाचं पाणी, भाताची पेज. पोटात पाणी गेलं की कफ पातळ होतो. खाणं बंद करायचं नाही. केळी, दही कफ करतं म्हणून लेकराला उपाशी ठेवलं तर अशक्तपणाच वाढतो.

मध : १ वर्ष पूर्ण झालेल्या लेकराला झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा मध द्यावा. रात्रीचा खोकला त्याने हलका होतो. तुळशीचा किंवा आल्याचा रस घालायचा तर दोन-चार थेंबच. पण १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरही चाटवू नका. मधात एका जंतूची बीजं असू शकतात, ती तान्ह्याच्या आतड्यात वाढून अंग लुळं पाडतात. घुटीत मध घालायची पद्धत आहे, तीही टाळा.

नाक मोकळं करणं : मेडिकलमधून साधे सलाईनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब आणा. पाजण्याआधी आणि झोपण्याआधी एक-दोन थेंब टाकून मऊ सुती कापडाच्या वातीने नाक पुसा. मोठ्यांचे नाक उघडण्याचे थेंब लहानांना घालू नका.

ताप : पॅरासिटामॉल वजनावरून देतात, वयाच्या अंदाजाने नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. थेंबांच्या बाटलीतलं औषध चमच्याने द्यायच्या सिरपपेक्षा दुप्पट ते चौपट तेज असतं. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीला लावलं तर जास्तीचा डोस जातो. बाटली बदलली की माप पुन्हा विचारून घ्या.

धूर : हा सर्वात मोठा उपाय आणि त्याला पैसे लागत नाहीत. चुलीजवळ लेकराला घेऊन बसू नका. ते झोपतं त्या खोलीत विडी, मच्छर अगरबत्ती, धुपाटणं, शेकोटी नको. मळणीच्या भुशात आणि फवारणीच्या दिवशी वावरात नेऊ नका. कितीतरी घरात औषध चालू असतं आणि धूरही चालू असतो. मग खोकला जाणार कसा?

हे अजिबात करू नका

- कापूर : कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधणं, तेलात कापूर घालून छातीला-नाकाला चोळणं. कापूर थोडासा पोटात गेला तरी लहान लेकराला झटके येतात. वासाचा बामही २ वर्षांच्या आत लावू नये.
- नाका-तोंडात तेल किंवा तूप : ते फुप्फुसात उतरतं आणि वेगळाच न्यूमोनिया करतं.
- गरम पाण्याचं पातेलं ठेवून वाफ : लेकरू हात मारतं, पातेलं कलंडतं, अंग भाजतं.
- बिब्बा, डागणी, चटके : खोकला थांबत नाही, जखम मात्र चिघळते.
- ब्रँडीचा थेंब : थेंबानेही गुंगी येते. लेकरू शांत झालं म्हणजे बरं झालं असं नसतं.
- उरलेलं औषध : मागच्या वेळची अँटिबायोटिक, मोठ्या भावाचं सिरप, आजोबांची खोकल्याची बाटली.

कोणत्या क्षणी थांबायचं नाही?

खालचं एकही लक्षण दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीने निघा :

- श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातो (आपल्याकडे "पसली उडते" म्हणतात)
- दूध-पाणी पिता येत नाही, किंवा घेतलेलं सगळं उलटून पडतं
- झटके आले
- लेकरू मलूल आहे, हलवलं तरी नीट जागं होत नाही
- ओठ, जीभ किंवा नखं निळी पडली
- शांत असतानाही श्वास आत घेताना घर्र-घर्र आवाज येतो
- लघवी फार कमी झाली किंवा बंद झाली, विशेषतः एखादं सिरप दिल्यानंतर

२ महिन्यांच्या आतल्या बाळाचा नियम वेगळा. श्वास भराभर, ताप, अंग थंड पडणं किंवा दूध कमी पिणं, यातलं काहीही दिसलं तरी थेट दवाखाना. निघताना दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या सोबत घ्या. रात्री श्वास कसा चालत होता, त्याचा मोबाईलवर अर्ध्या-एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत लेकरू कधी कधी शांत होतं, तेव्हा डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

दोन आठवडे झाले तरी जात नसेल तर?

दोन आठवड्यांच्या पुढे खोकला गेला की घरचे उपाय पुरे. लेकरू खेळत असलं तरी दाखवायचंच. अशा लांबलेल्या खोकल्याची काही कारणं नेहमी सापडतात.

टीबी. घरात आजी-आजोबा किंवा इतर कोणी बरेच दिवस खोकत असेल, लेकराचं वजन वाढत नसेल, बारीक ताप येत असेल, तर ही शंका घ्यायची. लेकराला टीबी बहुतेक वेळा मोठ्यांकडूनच लागतो. लहान मुलं थुंकी काढून देत नाहीत, गिळतात, म्हणून त्यांची तपासणी वेगळ्या पद्धतीने आणि एक्स-रेने करतात. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. घरात टीबीचा पेशंट निघाला तर ५ वर्षांखालच्या मुलांना, त्यांना आजार नाही याची खात्री करून, प्रतिबंधक गोळ्याही मोफत देतात. लपवून ठेवण्यात नुकसान लेकराचंच होतं. टीबीची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे.

दमा. खोकला रात्री किंवा पहाटे येतो, पळाल्यावर वाढतो, छातीतून शिटीसारखा आवाज येतो, घरात आणखी कोणाला दमा आहे. "पंप लावला की सवय लागते" हा गैरसमज आहे. पंपाचं औषध थेट छातीत जातं, म्हणून फार थोडं पुरतं.

डांग्या खोकला. एकामागून एक उबळ, चेहरा लाल, शेवटी ओकारी. लस चुकलेल्या मुलांत याची भीती जास्त.

अडकलेला दाणा. खेळता-खाता लेकराला एकदम ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला सुरू झाला, तर शेंगदाणा, हरभरा किंवा चिंचोका श्वासनळीत अडकला असू शकतो. ठसका थांबला तरी दाणा आतच राहतो. ही गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण साध्या तपासणीत ती सुटून जाऊ शकते. ४ वर्षांच्या आत आख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊच नयेत.

लसीचं कार्ड काढून बघा

न्यूमोनिया अडवणारी पीसीव्ही लस दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना असते. डांग्या खोकल्यासह पाच आजारांची पेंटाव्हॅलेंट दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असते, पुढे दीड-दोन वर्षांत आणि पाच-सहा वर्षांत डीपीटीचे बूस्टर. उपकेंद्रात हे सगळं मोफत आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा कामासाठी बाहेरगावी गेलेल्या घरांत मधला डोस राहून जातो. राहिलेला डोस पुढेही देता येतो, फक्त आशाताईला किंवा नर्सताईला विचारावं लागतं.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. सतत खोकणाऱ्या लेकराचा वजनाचा आकडा दोन महिने जागचा हलला नसेल, तर तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.

वयाप्रमाणे श्वासाचे तीन आकडे, ६०, ५० आणि ४०, चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. रात्री दोन वाजता लेकरू खोकायला लागलं की घरात बसायचं की निघायचं, हे तेच आकडे सांगतील.