मिसिसिपी मसाला : मोटेल, मीना आणि आपण सगळे

मंडळी, यंदा मदतनिधीच्या कार्यक्रमात नाटक नाही, ऑर्केस्ट्रा नाही, तर एक पिक्चर दाखवायचा असं ठरलं, तेव्हा कमिटीत पहिला प्रश्न आला, "मराठी की हिंदी?" उत्तर होतं, इंग्रजी. दुसरा प्रश्न, "कौटुंबिक आहे ना?" यावर मात्र आम्ही जरा चाचरलो. आहे तर कौटुंबिकच, पण कुटुंब ज्या विषयावर जेवणाच्या टेबलावर बोलत नाही तो विषय आहे. शिवाय अमेरिकेत त्याला 'आर' रेटिंग आहे. म्हणून मुलांची सोय शेजारच्या खोलीत केली आहे, आणि मोठ्यांसाठी हा लेख.

'मिसिसिपी मसाला' हा मीरा नायर यांचा 1991 सालचा चित्रपट. 'सलाम बॉम्बे' (1988) नंतरचा हा त्यांचा पुढचा कथापट. पटकथा सूनी तारापोरवाला यांची. त्या मुंबईच्याच, आणि 'सलाम बॉम्बे'सुद्धा त्यांनीच लिहिला होता. नायक डेन्झेल वॉशिंग्टन, नायिका सरिता चौधरी (हा तिचा पहिलाच चित्रपट), आणि तिचे आईवडील म्हणजे शर्मिला टागोर आणि रोशन सेठ. मोठ्या स्टुडिओच्या पैशातून हा पिक्चर निघाला नाही, आणि पैसे उभे करताना काय झालं ते नायर बाईंनी अनेकदा सांगितलं आहे. पैसेवाल्यांचं म्हणणं असं की यात एखादं गोरं मुख्य पात्र घालता येईल का बघा. यावर बाईंनी वचन दिलं की पिक्चरमधले सगळे वेटर गोरे असतील! अर्थातच त्या साहेबांनी दार दाखवलं.

गोष्ट सुरू होते युगांडात. 1972 च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवसांची मुदत दिली. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेले हजारो गुजराती, पंजाबी, गोवेकर घरदार टाकून निघाले. जय हा कंपालातला वकील. जन्म तिथलाच, भारत त्याला ठाऊक नाही. त्याचा बालमित्र ओकेलो हा काळा आफ्रिकन, भावासारखा. तोच त्याला तुरुंगातून सोडवून आणतो आणि तोच सांगतो, की आता आफ्रिका काळ्या आफ्रिकन माणसांची आहे. जयला हे इतकं लागतं की निघताना तो ओकेलोचा निरोपही घेत नाही. ओकेलोचं पुढं काय झालं ते आम्ही इथं सांगणार नाही, पडद्यावरच बघा.

मग एकदम 1990, मिसिसिपीतलं ग्रीनवुड. जयचं कुटुंब नातेवाईकाच्या मोटेलमध्ये राहतंय. बायको किन्नू दारूचं दुकान चालवते. मुलगी मीना चोवीस वर्षांची, मोटेलमधले संडास-बाथरूम धुते. जय अजून युगांडाच्या सरकारला पत्रं लिहितोय, माझी मालमत्ता परत द्या म्हणून. एक दिवस मीना नातेवाईकाची गाडी नेऊन एका व्हॅनवर आदळते. व्हॅन डिमेट्रियसची. तो काळा तरुण, मोटेलांचे गालिचे साफ करण्याचा धंदा करतो, डोक्यावर बँकेचं कर्ज. इथून पुढं काय होणार ते आपण हिंदी पिक्चर बघून बघून ओळखतोच. दोघं बिलॉक्सीला समुद्रावर जातात आणि तिथं आपल्याच मंडळींना सापडतात. एवढा मोठा किनारा, आणि नेमकं तिथंच कुणीतरी ओळखीचं! (हा अनुभव नसलेला मराठी माणूस आम्हाला तरी माहीत नाही.)

यानंतरचा भाग आम्हाला सगळ्यात खरा वाटतो. आदळआपट, पोलीस, रडारड हे सगळं होतंच, पण खरा घाव बसतो तो धंद्यावर. मोटेलवाले एकेक करून डिमेट्रियसची कामं बंद करतात, आणि मग बँक विचारायला लागते, हप्त्याचं काय? कुणी त्याला मारत नाही, शिवीही फारशी देत नाही. नुसते फोन बंद होतात.

आणि हे करणारे कोण, तर मोटेलवाले. त्यांचा इतिहास थोडा सांगायला हवा. सत्तरच्या दशकात गुजराती कुटुंबांनी दक्षिणेतली मोडकळीला आलेली मोटेलं घेतली, स्वतः तिथंच राहिले, बायकामुलांनी चादरी धुतल्या. तेव्हा बँका कर्ज देत नव्हत्या, विमा कंपन्या विमा उतरवत नव्हत्या. शेजारचे मोटेलवाले 'अमेरिकन मालकीचं' अशा पाट्या लावायचे, म्हणजे गिऱ्हाईकानं काय ते समजावं. यातूनच भारतीय हॉटेलमालकांना संघटना काढाव्या लागल्या. त्यांतल्या 1989 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या आकड्यांनुसार आज अमेरिकेतली सुमारे 60 टक्के हॉटेलं तिच्या सभासदांची आहेत. म्हणजे ज्यांनी स्वतः हा त्रास सोसला, त्यांनीच तो तसाच्या तसा दुसऱ्याला दिला. नायर बाईंनी हे भाषणं न ठोकता दाखवलंय.

ग्रीनवुड हे गावही उगीच निवडलेलं नाही. तिथून जेमतेम दहा मैलांवर मनी नावाची वस्ती आहे. 1955 साली एमेट टिल हा चौदा वर्षांचा काळा मुलगा शिकागोहून तिथं नातेवाईकांकडे आला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईची छेड काढली या आरोपावरून त्याला रात्री घरातून उचलून नेऊन हालहाल करून मारलं. मारणारे निर्दोष सुटले. डिमेट्रियसचे वडील गोऱ्यांशी इतकं जपून, इतकं मऊ का बोलतात, हे आपल्याला पिक्चर बघताना कळत नाही. हे माहीत असलं की कळतं.

आता कायद्याबद्दल. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग हे व्हर्जिनियातलं जोडपं, तो गोरा, ती काळी. 1958 च्या जूनमध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. परत आल्यावर काही आठवड्यांतच शेरीफ मध्यरात्री त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरला. शिक्षा झाली एक वर्षाची, पण 25 वर्षं दोघांनी मिळून राज्यात पाऊल ठेवायचं नाही या अटीवर ती स्थगित केली. शेवटी 12 जून 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं असे कायदे रद्द केले, तेव्हा 16 राज्यांत ते होते. मिसिसिपीनं आपल्या घटनेतलं ते कलम मतदान घेऊन काढलं ते 1987 साली, म्हणजे पिक्चरच्या काळाच्या जेमतेम तीन वर्षं आधी. अलाबामानं तर 2000 साली.

यात एक गोष्ट आम्हाला बरीच उशिरा कळली. व्हर्जिनियाच्या 1924 च्या कायद्यात 'गोरा' म्हणजे ज्याच्यात दुसऱ्या रक्ताचा अंशही नाही तो, आणि गोऱ्यानं फक्त गोऱ्याशीच लग्न करायचं. म्हणजे 1965 चा इमिग्रेशनचा कायदा झाल्यावर जे आपले डॉक्टर-इंजिनियर काकालोक व्हर्जिनियात आले, त्यांना गोऱ्या मुलीशी लग्न करणं 1967 च्या जूनपर्यंत गुन्हा होता. आणि मीना-डिमेट्रियस? त्यांच्या लग्नाला त्या कायद्याची काहीच हरकत नव्हती! कायदा फक्त गोरेपणा राखत होता. बाकीचे सगळे एकाच डब्यात. पिक्चरमध्ये डिमेट्रियस मीनाच्या वडिलांना हेच ऐकवतो, की तुमच्या आणि माझ्या रंगात फरक तो किती? तो सीन लक्ष देऊन बघा. रोशन सेठ त्यावर फार काही बोलत नाहीत, पण चेहरा सगळं सांगतो.

कॅलिफोर्नियात याचीच दुसरी तऱ्हा झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं शेतीवर आलेले पंजाबी पुरुष एकटे होते. बायका आणता येत नव्हत्या, गोऱ्या बाईशी लग्नाला बंदी. मग शेकडो जणांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. कारकून दोघांकडे बघायचा आणि फॉर्मवर दोघांचाही रंग 'ब्राऊन' लिहून मोकळा व्हायचा. त्यांची मुलं सिंग आडनावाची आणि स्पॅनिश बोलणारी. तेव्हा आपल्या लोकांनी बाहेर लग्न करणं हे काही आजच्या पिढीचं फॅड नाही.

गोरेपणाचं वेड मात्र आपलं घरचं. पिक्चरमध्ये दोन बायका मीनाबद्दल कुजबुजतात, की मुलगी काळी असली आणि पैसा असला तर चालतं, गोरी असली आणि पैसा नसला तरी चालतं, पण काळीही आणि पैसाही नाही, आणि वर श्रीमंत मुलगा हवा? थिएटरमध्ये इथं हमखास हशा येतो. आम्हीही हसलो. मग लग्नाच्या जाहिरातीतलं 'गोरी, सडपातळ, सुस्वरूप' आठवलं. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. डॉ. आंबेडकरांनी 1936 साली लिहिलं की जात मोडायचा खरा उपाय म्हणजे आपसातली लग्नं. दोघंही आपलेच, दोघांचेही फोटो आपल्या हॉलमध्ये लागतात.

गॅलपच्या पाहणीत 1958 साली काळ्या-गोऱ्या लग्नाला पसंती देणारे अमेरिकन 4 टक्के होते, 2021 साली 94 टक्के. आकडा मोठा आनंदाचा आहे. पण पाहणीत प्रश्न जनरल असतो. "तुमच्या मुलीनं केलं तर?" हा प्रश्न वेगळा.

तो आमच्यापुढं आला तो एका मैत्रिणीमुळे. आमच्याच ग्रुपमधली, गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज हिचा. तिनं एका काळ्या अमेरिकन मुलाशी लग्न ठरवलं. आम्ही सगळे सुशिक्षित, सुधारलेले, लगेच अभिनंदन केलं. आणि मग विचारलं, "करतो काय तो?" इंजिनियर आहे म्हटल्यावर आमच्यात जो सुटकेचा श्वास निघाला तो तिनं ऐकला. नंतर ती म्हणाली, "अरे, मागच्या वर्षी हिनं गोऱ्याशी केलं तेव्हा हे कुणीच विचारलं नव्हतं." खरं होतं. तो काय करतो हे आम्हाला आजही नीट माहीत नाही. तिचे आईबाबा लग्नाला आले नाहीत. आई आता फोनवर बोलते, बाबा बाजूला बसून ऐकतात असं तिला वाटतं, कारण मागं टीव्ही बंद असतो.

यंदाचा निधी घरच्यांनी बाहेर काढलेल्या बायका-मुलींना राहायला जागा देणाऱ्या आपल्या गावातल्या संस्थेला जाणार आहे, हे आपल्याला पत्रकातून माहीत आहेच. पिक्चर आणि निधी यांचा संबंध लावायची गरज आम्हाला वाटली नाही. 'सलाम बॉम्बे'तूनही रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला आणि तो अजून काम करतो आहे, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

पिक्चर 118 मिनिटांचा आहे, मध्यंतर नाही. जी प्रिंट दाखवणार आहोत ती नव्यानं दुरुस्त केलेली आहे, तेव्हा युगांडाची ती हिरवळ आणि एल. सुब्रमण्यम यांचं संगीत नीट बघा-ऐका. बटाटेवडे आधी मिळतील, चहा नंतर. चहाच्या वेळी आमची मैत्रीण आणि तिचा नवरा टेबलापाशी कप भरायला उभे असतील. तो मराठी थोडंफार समजतो, तेव्हा जपून, किंवा खरं तर अजिबात न जपता, बोला.